‘साहेब आपलेच आहेत’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका! कोर्टावर दबाव येतो तो कुठून?

मागच्या महिन्यात तारखेला तालुक्याच्या कोर्टात गेलो होतो. दावा माझाच, शेतात जायच्या वाटेचा. पाच वर्षं झाली. बाहेर टपरीवर चहा घेत होतो तर एक जण शेजारी येऊन बसला. म्हणाला, "वाटेचाच दावा ना? पंधरा हजारात काम होतंय. साहेब आपलेच आहेत."

हा माणूस वकीलही नाही आणि कोर्टातला कर्मचारीही नाही. मी नाही म्हटलं. पण खरं सांगतो, घरी येईपर्यंत डोक्यात एकच किडा वळवळत होता. समोरच्याने दिले असतील तर?

नंतर एका जुन्या वकिलांनी यातली मेख सांगितली. असे लोक दोन्ही बाजूंकडून पैसे घेतात. निकाल लागला की हरलेल्याचे परत करतात आणि जिंकलेल्याचे खिशात घालतात. साहेबांना बिचाऱ्यांना याचा पत्ताही नसतो. पण गावात बोलबाला होतो की निकाल विकत मिळतो. एकदा हे मनात बसलं की माणूस कोर्टात जाण्याऐवजी काठी काढतो, नाहीतर पुढाऱ्याच्या दारात जाऊन बसतो.

पैशाचा डाग

वरच्या कोर्टांवरही संशय आला आहे. १४ मार्च २०२५ च्या रात्री दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या सरकारी बंगल्याच्या आवारातल्या खोलीला आग लागली. जळालेल्या नोटांचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिला. ते पैसे आपले नाहीत, असं वर्मा यांनी सांगितलं. पण या वेळी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण दाबून ठेवलं नाही. फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं स्वतःच्या वेबसाइटवर टाकली आणि तीन न्यायाधीशांची चौकशी समिती नेमली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयातल्या २१ न्यायाधीशांची मालमत्ताही वेबसाइटवर आली. डाग लपवण्यापेक्षा चार लोकांसमोर धुतलेला बरा.

सत्तेचा दबाव आवाज न करता येतो

पैसा निदान पकडता तरी येतो. सत्तेचा दबाव मात्र बढती, बदली आणि निवृत्तीनंतरचं पद या वाटेने येतो.

आपल्याच राज्यातली गोष्ट घ्या. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्यापुढे लाऊडस्पीकर आणि शांतता क्षेत्राचं प्रकरण चालू होतं. २४ ऑगस्टला, म्हणजे गणपती बसायच्या आदल्या दिवशी, राज्य सरकारने थेट ओक यांच्यावरच आरोप केला की ते सरकारच्या विरोधात पक्षपाती आहेत. मुख्य न्यायमूर्तींनी प्रकरण त्यांच्याकडून काढून दुसऱ्या खंडपीठाला दिलं.

सरकारला वाटलं असेल, मिटलं. पण मुंबईतले वकील पेटून उठले. त्यांच्या संघटनांनी उघड निषेध केला. काही दिवसांतच मुख्य न्यायमूर्तींनी निर्णय फिरवला, तीन न्यायाधीशांचं खंडपीठ केलं आणि त्यात ओक यांना परत घेतलं. सरकारला आरोप मागे घेऊन माफी मागावी लागली. हेच ओक पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

सरकार कुठल्या पक्षाचं, यावर हे अवलंबून नसतं. आणीबाणीत, १९७६ साली, माणसाला बिनचौकशी डांबलं तरी कोर्टात दाद मागता येणार नाही, असं पाचपैकी चार न्यायाधीश म्हणाले. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदावर त्यांचा हक्क असताना इंदिरा गांधींच्या सरकारने कनिष्ठाला बसवलं. खन्नांनी राजीनामा दिला.

आता निवृत्तीनंतरचं. सरन्यायाधीश रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि चारच महिन्यांत राष्ट्रपतिनियुक्त खासदार झाले. कायद्यात बसतं, पण लोकांच्या मनात पाल चुकचुकते. याउलट आपल्या अमरावतीचे भूषण गवई यांनी सरन्यायाधीश होतानाच जाहीर केलं, की निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही. असा नियमच सगळ्यांना लावला तर काय बिघडेल?

तहसील आणि कोर्ट यात फरक आहे

आता आपल्या बांधावर येऊ. वाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ प्रमाणे तहसीलदारांकडेही अर्ज करता येतो. मीही आधी तिथेच गेलो होतो. तिथे निकाल देणारा अधिकारी महसूल खात्याचा आणि त्याची बदली सरकारच्या हातात. बरेच अधिकारी प्रामाणिक असतात, पण वरून फोन आला तर मान डोलावायची की बदली घ्यायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतोच.

तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाचं तसं नाही. घटनेच्या कलम २३५ प्रमाणे खालच्या कोर्टांवर ताबा उच्च न्यायालयाचा आहे. आमदार, मंत्री किंवा कलेक्टर त्यांची बदली करू शकत नाही. गरिबाच्या हातात एवढी एकच काठी आहे. ती वाळवीपासून जपली पाहिजे.

आपण काय करायचं?

न्यायाधीशाच्या नावाने कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा, नाहीतर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी तक्रार द्या. केस कुठवर आली हे ई-कोर्ट ॲपवर स्वतः बघा, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्याचा हेल्पलाइन नंबर १५१००.

आणि एक कडू गोष्ट. आपणही कमी नाही. दावा लागला की पहिला प्रश्न विचारतो, "ओळख आहे का कुणाची?" आपली ओळख निघाली तर ती मदत आणि समोरच्याची निघाली तर भ्रष्टाचार, असं कसं चालेल?

माझी पुढची तारीख या महिन्याअखेर आहे. निकाल विरोधात गेला तर वाईट वाटेल, अपील करीन. पण "विकला गेला" असं म्हणायची वेळ माझ्यावरही येऊ नये आणि समोरच्यावरही येऊ नये. शेवटी आमचा बांध एकच आहे. निकालानंतरही त्याच वाटेने दोघांना जायचंय.