उतरवता न येणारी वीणा

सज्जनहो, सप्ताहात वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पायांवर आपण सगळे डोके ठेवतो. मग तो कालच बांधावरून भांडलेला शेजारी असो की धाकटा पुतण्या असो. पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि पुन्हा टाळकऱ्यांत येऊन उभा राहतो. मान वीणेचा होता, हे त्याला ठाऊक असते आणि आपल्यालाही. मोबाईलवरच्या प्रसिद्धीला असा पहारा नाही. ती न मागता गळ्यात पडते आणि उतरवून घ्यायला कोणी पुढे येत नाही.

2025 च्या जानेवारीत प्रयागराजच्या महाकुंभात माळा विकणाऱ्या एका मुलीचे काय झाले, ते आठवा. डोळे सुंदर म्हणून कोणी तिचे चित्रण केले, ते देशभर फिरले. मग तिच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली. माळा घेणार कोण? धंदा बसला, पोरीला मोकळे फिरता येईना, शेवटी घरच्यांनी तिला मध्य प्रदेशात गावी परत पाठवले. पुढे सिनेमाचे बोलावणे आले म्हणून लोक म्हणतात, नशीब उघडले! मी विचारतो, तीर्थावर जाऊन आपण तिच्या हातातली माळ पाहिली नाही, नुसते डोळे पाहिले. याला काय म्हणायचे?

हे प्रयागचे झाले म्हणून आपण सुटलो असे नाही. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाच्या दोन तासांच्या कीर्तनातला मिनिटभराचा विनोद कोणी कापून पसरवला. महिन्याभरात त्याच्या तारखा भरल्या. आता निरूपण सुरू होण्याआधीच मंडपातून ओरडा होतो, "महाराज, तो विनोद!" निंदकही वाढले, शिव्या त्याच्या बायकोच्या मोबाईलपर्यंत पोचल्या. परवा माझ्यापुढे बसून म्हणाला, "बाबा, ज्ञानेश्वरी उघडली की आधी मनात येते, यातले काय चालेल?" पोथी समोर असून पोथी गेली. याहून मोठे नुकसान कोणते?

तो हुरळला, हा त्याचा दोष. पण कापणारे हात आपलेच, पुढे पाठवणारी बोटे आपलीच आणि त्याच विनोदासाठी सुपारी देणारे गावही आपलेच. तेव्हा त्याला एकट्याला बोल लावू नका.

या आषाढीला दिंडीत एखादी आजी फुगडी घालताना दिसली, तर मोबाईल खिशात ठेवा आणि तिचे हात धरून दोन गिरक्या घ्या. मग तिच्या पाया पडा. तीही तुमच्या पडेल. मान तिथल्या तिथे फिटेल आणि आजी मोकळेपणाने पुढच्या मुक्कामाला जाईल.

रामकृष्णहरी.