वजन जिथे चालत नाही

गेल्या रविवारी मंडईत भाजी घेताना आमची दहावीतली एक विद्यार्थिनी अब्बांसोबत भेटली. अब्बांचे जवळच घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान. मुलगी सायन्सला जाऊ म्हणते, घरचे म्हणतात दहावी पुरे. "सर, लॅबोरेटरीत हिच्या हाताला काय काम मिळणार?" त्यांनी विचारले.

"भाई, तुमचेच काम. फक्त चिमटा आणखी बारीक."

आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे. पण हा विषय शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून समजून घेतला होता, तो वाचकांनाही सांगतो.

आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड. त्याच्या हजारपट बारीक कार्बनची नळी उचलून जागेवर बसवायची, तर साधे भिंग चालत नाही. प्रकाशाची लहरच त्याहून मोठी. तिथे लागतो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. पहिला १९३१ साली जर्मनीत नॉल आणि रुस्का यांनी बनवला. त्याच्या पेटीतली हवा काढून टाकलेली असते, म्हणून हात आत जात नाही. आत काम करते टंगस्टनची सुई. ती हलते कशी? आपल्या गॅसच्या लायटरमध्ये एका पदार्थावर दाब पडला की ठिणगी उडते. काही स्फटिकांचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. इथे त्याच्या उलट: वीज दिली की पदार्थ नॅनोमीटरभर लांबतो आणि सुई तेवढीच सरकते.

उचलण्यापेक्षा सोडणे कठीण. मंडईत राज्य तराजूचे. टोमॅटो सोडला की पाटीत पडतो. त्या दुनियेत वजन चालत नाही. ओल्या कोथिंबिरीचे पान बोट झटकले तरी सुटत नाही, तशी नळी सुईला चिकटते. मग पेटीत किंचित वायू सोडून एका जागी इलेक्ट्रॉनचा झोत रोखतात. तिथे घट्ट ठिपका जमतो. नळी आधी अशी पक्की करायची, मगच सुई ओढून घ्यायची.

पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, २००६ पासून आयसर आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तिथे आहेत. मंडईतून पाषाण लांब नाही. फी आणि क्लासचा खर्च मात्र खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही.

"रोज संध्याकाळी घड्याळाचे स्क्रू हीच बसवते," अब्बा हळूच म्हणाले. "माझी नजर आता साथ देत नाही." मग पिशवी उचलून म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'ला भेटायला आम्ही दुकानात जाणार आहोत. तुमच्या घरातही असा एखादा 'बघू' असेल, तर प्रवेशाची तारीख उलटायच्या आत त्याचा निकाल लावा.