‘तो एरिया’ चांगला का नाही?

माझी ताई घर शोधत होती. एका घराचा पत्ता ऐकून आई लगेच म्हणाली, “तो एरिया नको गं, चांगला नाही!” का चांगला नाही, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

१९३०च्या दशकात अमेरिकेच्या सरकारने शहरांचे नकाशे तयार केले. कृष्णवर्णीय लोक राहत होते, त्या बहुतेक वस्त्या नकाशात लाल रंगाने दाखवल्या. तिथे घरासाठी कर्ज मिळणं फार अवघड होतं. काही घरांच्या कागदपत्रांत तर लिहिलेलं असायचं, की हे घर कृष्णवर्णीय किंवा आशियाई माणसाला विकू नये. म्हणजे आपल्यालाही नाही! १९६८ साली कायद्याने घरांच्या बाबतीत असा भेदभाव करायला बंदी घातली. त्यासाठी कृष्णवर्णीय लोक कित्येक वर्षं लढले. त्याचा फायदा आपल्यालाही झाला.

ते नकाशे आता जुने झाले, पण ‘तो एरिया’ अजून आपल्या बोलण्यात आहे. आईला आमची काळजी वाटते, हे खरं. पण काळजी आणि भेदभाव यांत फरक आहे. म्हणून पुढच्या वेळी मी तिला विचारणार आहे, “आई, तू तिथे कधी गेली आहेस का?”