सावली मोजता येते, पण सावलीत काय आहे?

भडगावला संध्याकाळी नांगरलेल्या शेताच्या बांधावर उभं राहून बघा. दुपारी सपाट वाटणारी जमीन एकदम उंचसखल दिसायला लागते. ढेकूळ मूठभर, सावली हातभर! चंद्रावर उतरायला जागा शोधताना हीच गोष्ट कामाला येते.

गणित दहावीच्या त्रिकोणमितीतलं आहे. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर असेल, तर सपाट जागेवर १ मीटर उंच दगडाची सावली ५.७ मीटर पडते. म्हणजे फोटोत सावली मोजली की दगडाची उंची कळली. चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरवरच्या ओएचआरसी कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ३० सेंटिमीटर भरतो, त्यामुळे छोटे दगडही मोजता येतात.

जिथे सावली नाही, तिथे उजेड बोलतो. सूर्याकडे तोंड असलेला उतार जास्त चमकतो, पाठ फिरवलेला मंद दिसतो. सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलच्या उजेडावरून उताराचा अंदाज घेतं आणि ते उतार जोडून उंचीचा नकाशा बनवतं. गडबड एकच: मातीच मुळात काळपट असेल, तर तिथे उतार असल्याचा भास होतो. म्हणून हा नकाशा लेझरने मोजलेल्या उंचीशी जुळवून घ्यावा लागतो.

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण आता बऱ्याच देशांना दक्षिण ध्रुवाजवळ उतरायचंय. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ ला सुमारे ६९ अंश दक्षिणेला उतरलं. ध्रुवावर मात्र सूर्य जेमतेम दीड अंश वर येतो. तिथे त्याच १ मीटरच्या दगडाची सावली होते ३८ मीटर! चंद्रावर हवा नाही, त्यामुळे ही सावली काळीकुट्ट असते. आत खड्डा आहे की दगड, फोटो सांगतच नाही.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचं अथेना यान ध्रुवाजवळच्या एका विवरात आडवं पडलं. इंट्युइटिव्ह मशीन्स कंपनीने जी कारणं दिली, त्यात उंची मोजणाऱ्या यंत्राच्या गोंधळासोबत लांब सावल्या आणि अपुरा उजेडही होता.

माझ्या मते धडा सरळ आहे. फक्त जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा लावून ध्रुवावर भागणार नाही. सावलीतला भाग ‘सपाट’ नाही, तर ‘माहीत नाही’ असाच धरायला सॉफ्टवेअरला शिकवलं पाहिजे. भारत-जपानची पुढची मोहीम ध्रुवाकडेच जाणार आहे.

आज रात्री लाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. गुळगुळीत वाटणारी भिंत तुम्हाला चंद्र दाखवेल.