जिराफाचे विस्मृत आप्त

जिराफ म्हटला की प्रथम त्याची उंच मान आठवते. परंतु त्याचे कुळ मानेवरून ठरत नाही. खालच्या जबड्यातील दोन पाळ्यांचा सुळा आणि कातडीने वेढलेली हाडांची शिंगे, या त्या कुळाच्या खुणा होत. आज त्यात आफ्रिकेतील जिराफ आणि काँगोच्या घनदाट अरण्यातील आखूड मानेचा ओकापी एवढेच उरले आहेत.

एके काळी हे कुळ आपल्या देशातही नांदत होते. ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी १८३६ मध्ये शिवालिक टेकड्यांतील अवशेषांवरून ‘शिवथेरियम’चे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची मान आखूड, देह भक्कम आणि शिंगे चार होती. वजन सुमारे साडेबाराशे किलो असावे, असा अलीकडचा अंदाज आहे. पालीताण्याच्या यात्रेस जाणाऱ्यांना घोघा बंदर परिचित असेल. त्या परिसरातील पिरम बेटावर सापडलेल्या आप्ताला फाल्कनरने १८४५ मध्ये ‘ब्रह्मथेरियम’ असे नाव दिले.

मग लातूर-नांदेडकडे काय? आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तेव्हा हे कुळ जन्मालाही आले नव्हते. कातळात त्याचा शोध व्यर्थ होय. मात्र मांजरा नदीने फार पुढच्या काळात साचविलेल्या गाळात हत्ती, पाणघोडा आणि रानबैल यांची अश्मीभूत हाडे मिळाली असून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांचा अभ्यास केला आहे.

हाच गाळ आज वाळूसाठी उपसला जातो. वहीतून सुटलेले पान कोणत्या सालातले हे न कळल्यास त्यावरील आकडे निरर्थक ठरतात; थरातून निखळलेल्या हाडाचेही तसेच असते. त्याचे वय सांगणारा साक्षीदार तो थरच होय.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे बांधकाम आणि त्याच्या साहित्याच्या व्यवसायात आहेत. नदीकाठी खोदकाम करताना दगडासारखे जड हाड किंवा दात दिसल्यास तो उपटू नये. जागा व खोली टिपून घ्यावी, छायाचित्र काढावे आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भूशास्त्र संकुलास कळवावे. ज्या कुळाची ओळख एका सुळ्यावर टिकून आहे, त्याची कथा हे सांगते की लहानसा दातही क्षुल्लक नसतो.