कॅमेरेवाले सार्जंट

मागच्या महिन्यात एका लहानग्याने आम्हाला विचारले, "लढाई चालू असताना फोटो कोण काढतं? त्याला गोळी लागत नाही का?"

लागते बरं का, बाळा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ब्रिटिश लष्कराने फिल्म आणि फोटोग्राफीची खास तुकडी काढली. सैनिकांमधूनच माणसे निवडून त्यांना लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत शिकवीत आणि सार्जंट करून आघाडीवर धाडीत. एरवी तिथे सिनेमे निघत! कमरेला पिस्तूल, हातात चावीचा कॅमेरा. एका रिळात जेमतेम मिनिटभर चित्र मावे, आवाज नाहीच. रीळ न धुताच लंडनला जाई. पण त्यासोबत सार्जंटने हाताने लिहिलेला एक कागद असे: जागा कोणती, तारीख काय, चित्रात कोण. आमच्या मते त्या कागदाची किंमत फिल्मइतकीच.

या तुकडीत माइक लुइस होता. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. सप्टेंबर १९४४ मध्ये तो छत्रीधारी सैनिकांबरोबर हॉलंडमध्ये आर्न्हेमच्या लढाईत होता, तिथून वाचला. पुढे एप्रिल १९४५ मध्ये त्याचा कॅमेरा बर्गेन-बेल्सनच्या छावणीत पोचला. १५ एप्रिलला ती छावणी सुटली तेव्हा आत सुमारे ६०,००० माणसे होती आणि हजारो प्रेते उघड्यावर पडली होती. मुलांनो, याहून जास्त आज सांगत नाही. लुइस आणि त्याचे सोबती मात्र दिवसचे दिवस तिथे चित्रण करीत राहिले. आपल्याच लोकांकडे कॅमेऱ्यातून बघायचे आणि हात हलू द्यायचा नाही!

सप्टेंबर १९४५ मध्ये ल्यूनेबर्गच्या कोर्टात छावणीच्या पहारेकऱ्यांवर खटला चालला, तेव्हा हीच फिल्म पुरावा म्हणून दाखवली. तिच्यावरून मोठा माहितीपट निघायचा होता, हिचकॉकसाहेबांनी सल्लाही दिला होता. पण काम अर्धवट राहिले. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने ते पुरे केले आणि २०१४ साली तो माहितीपट लोकांनी पाहिला. एवढ्या वर्षांनी जुळणी करताना सार्जंटांचे ते कागदच कामी आले.

आमच्या घरी एका काकांचा फोटो आहे. पलटणीचा युनिफॉर्म, टोपी तिरकी, तोंडभर हसू. मागे काही लिहिलेले नाही. बर्मा की इजिप्त, कोण सांगणार? ज्या आजीआजोबांना अजून आठवते त्यांनी नातवंडांना जवळ बसवावे, आल्बम काढावा आणि फोटोंच्या मागे नाव, गाव, साल लिहून घ्यावे. पेन्सिलीने, हळू हाताने. शाई पुढे उमटते.