धक्का बांधण्याआधी

मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यासमोर कोझुमेल नावाचे बेट आहे. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास, मोठे गाव एकच, सान मिगेल. या गावाच्या दारात वर्षाला चाळीस लाखांहून अधिक क्रूझप्रवासी उतरतात. सकाळी आठच्या सुमारास जहाज धक्क्याला लागते आणि दुपारी चार-साडेचारला परतीची हाक होते. तेवढ्यात समुद्र, माया संस्कृतीचे अवशेष आणि बाजार सगळे उरकायचे. गर्दीच्या दिवशी अशी पाच-सहा जहाजे एकाच वेळी उभी असतात, एकेकात तीन-चार हजार माणसे. हे सगळे पाहून आपल्या नियोजनकर्त्यांच्या तोंडाला पाणी सुटावे, अशीच ही दृश्ये. आम्हाला मात्र त्यांची धास्ती वाटते.

कारण घरचे आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा झाली. २०२९ पर्यंत समुद्री क्रूझप्रवाशांची संख्या दहा लाखांवर न्यायची, हे त्याचे उद्दिष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. रत्नागिरीच्या भगवती बंदराचे नाव क्रूझच्या संदर्भात घेतले जाते. मुरगावला जहाजे लागतातच, मुंबईहून लक्षद्वीपच्या फेऱ्याही होतात. किती जहाजे येणार याची आकडेमोड जोरात आहे. उतरणाऱ्या माणसांकडून गावाच्या हाती काय पडणार, हा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही.

तो कोझुमेलला मांडून पाहावा. प्रवासी धक्क्यावर उतरला की बाहेर पडण्याची वाटच दुकानांमधून जाते. हिरे, टांझानाइट, घड्याळे, टकीला. हीच दुकाने, याच पाट्यांसह, कॅरिबियनमधल्या पुढच्या बंदरातही भेटतात. आदल्या दिवशी जहाजावर ‘खरेदी मार्गदर्शन’ झालेले असते आणि नकाशाही हाती दिलेला असतो. त्या नकाशावर झळकण्यासाठी दुकानदार पैसे मोजतात, हे प्रवाशाला क्वचितच ठाऊक असते. प्रवाळ पाहण्याची सहल जहाजावरच विकली जाते. किंमत कंपनी ठरवते, आपला वाटा आधी काढून घेते आणि उरलेल्यात होडीवाला, गाइड, डिझेल असे सगळे बसवावे लागते. बरे, जेवणाचे पैसे तिकिटातच भरलेले. त्यामुळे दुपारी पुष्कळ मंडळी जहाजावरच परततात. रस्ता माणसांनी फुललेला आणि तीन गल्ल्या आत, घरगुती खानावळीची टेबले रिकामी, हा त्या गावाचा रोजचा विरोधाभास.

कोझुमेलची खरी मिळकत पाण्याखाली होती. सुमारे हजार किलोमीटर पसरलेल्या मेसोअमेरिकन प्रवाळरांगेचा हा भाग डायव्हिंगवाल्यांसाठी काशी. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर प्रवाळ झपाट्याने मारणारा रोग आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये पालांकारसारखी प्रवाळस्थळे काही काळ बंद ठेवावी लागली. डायव्हर आणि होडीवाले यांना मज्जाव झाला, जहाजे मात्र येतच राहिली. तरीही, तीन धक्के कमी पडतात म्हणून चौथ्याचा घाट घातला गेला. तोही, स्थानिक डायव्हर आणि पर्यावरणवादी सांगतात तसा, प्रवाळाच्या उरावर.

मालाचा धनी कोण, हे कराच्या गोष्टीवरून कळते. क्रूझप्रवासी ‘वाटसरू’ म्हणून मेक्सिकोच्या प्रवेशशुल्कातून सूट घेत आले. २०२४ च्या अखेरीस प्रत्येकी ४२ डॉलर घेण्याचे ठरले. कंपन्यांनी गलका केला. जुलै २०२५ पासून ४२ चे ५ डॉलर झाले, पुढे टप्प्याटप्प्याने २१ वर जायचे. वाटाघाटीत देशाचे सरकार एवढे नमते, तिथे सान मिगेलच्या नगरपालिकेची काय कथा?

फ्लोरिडातल्या की वेस्टने मतपेटीतून उत्तर दिले. २०२० मध्ये साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ठरवले की मोठी जहाजे नकोत आणि दिवसाला दीड हजारांपेक्षा जास्त प्रवासी उतरू नयेत. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तो कौल रद्दबातल ठरवला. धक्का उभा राहिला, पैशाचे धागे जुळले की गावाच्या मताला काय किंमत उरते, ते इथे दिसले.

जहाजातले पाणी कुठे जाते, हाही प्रश्न आहे. मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे प्रक्रिया न केलेले मैलापाणी, ठरावीक वेगाने जाताना, सोडता येते. म्हणजे कायदा मोडलाच नाही तरी ते समुद्रालाच पचवावे लागणार. आणि कंपन्या कायदा मोडतातही. तेलकट पाणी चोरनळीने समुद्रात सोडल्याबद्दल प्रिन्सेस क्रूझेसने २०१६ मध्ये गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलरचा दंड भरला. त्या शिक्षेच्या अटी मोडल्या, बहामाजच्या पाण्यात प्लॅस्टिकमिश्रित अन्नकचरा टाकला, वगैरे कारणांवरून तिच्या मातृसंस्थेला, कार्निव्हलला, २०१९ मध्ये आणखी २ कोटींचा. लक्ष ठेवणारे अमेरिकी न्यायालय होते, तिथली ही गत. भर समुद्रात लक्ष ठेवणारा आपला अधिकारी कोण, हे कोणी सांगेल काय?

रोजगाराचा मुद्दा हमखास पुढे येईल. तो खोटा नाही. गोव्या-कोकणातली कितीतरी मुले या जहाजांच्या भटारखान्यात आणि बारमागे राबतात, घरे त्यांच्या पैशावर उभी राहिली आहेत. पण ती नोकरी जहाजाची. मुरगावच्या रिक्षावाल्याचा आणि जुन्या गोव्यात चर्चसमोर टोप्या विकणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा. बंदरातून निघालेली वातानुकूलित बस पर्यटकांना चर्च दाखवून, मसाल्याच्या बागेत जेवू घालून परत आणते, तेव्हा या दोघांच्या पदरात काय पडते? स्थानिक टॅक्सीवाले विरुद्ध सहलीच्या बसगाड्या, हा वाद गोव्याला नवा नाही. जहाजे मोठी झाली तर तोही मोठा होईल.

लक्षद्वीपची स्थिती याहून नाजूक. एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चौसष्ट हजार. पिण्याचे पाणी म्हणजे वाळूखालच्या गोड्या पाण्याचा पातळ थर आणि खारे पाणी गोड करणारी यंत्रे. प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्णतेत पांढरे पडलेले. अशा बेटावर एका सकाळी जास्तीत जास्त किती माणसे उतरवायची, हा आकडा आधी ठरायला हवा. १९८७ पासून कागदावर असलेल्या मालवणच्या सागरी अभयारण्याबाबतही हाच प्रश्न विचारावा लागेल.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक बंदरासाठी दिवसाच्या प्रवाशांची कमाल मर्यादा कायद्याने ठरावी, गावाला मिळणारे माणशी शुल्क थेट स्थानिक संस्थेच्या खात्यात जावे, सहलींचा ठरावीक हिस्सा स्थानिक परवानाधारकांनाच मिळावा आणि कंपनीशी होणाऱ्या कराराचा मसुदा सही होण्यापूर्वी जाहीर व्हावा. भगवती बंदराबाबत तरी आताच सुरुवात करता येईल. मसुदा मराठीत छापून रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या मच्छीमारांपर्यंत पोचवा, निविदा निघण्याआधी जनसुनावणी घ्या आणि तिथे उठलेल्या हरकतींना लेखी उत्तरे द्या.